प्रेस्टनसाठी प्रार्थना

८ मे २०२३, सोमवार. दुपारी तीनला पाच मिनिटं कमी असताना मी आयुष्यात पहिल्यांदा प्रेस्टनचं भलं चिंतलं.

हे ब्लॅकबर्नमध्ये मोठ्याने म्हणायची सोय नाही. प्रेस्टन आमच्यापासून दहाएक मैलांवर, बर्नली दुसऱ्या बाजूला तेवढंच. शेजारच्या गावाचं वाटोळं व्हावं ही इच्छा इथे पोरांना टोपडं घालतानाच दिली जाते. पण त्या दुपारी हिशेबच असा बसला होता. चॅम्पियनशिप म्हणजे इंग्लंडमधली दुसऱ्या पायरीची स्पर्धा. चोवीस संघ, प्रत्येकाचे सेहेचाळीस सामने. पहिले दोन थेट प्रीमियर लीगमध्ये जातात. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे चौघे तेव्हा आपसात प्ले-ऑफ खेळत आणि त्यांच्यातला एकच वर जाई. पंचेचाळीस सामने झाले तेव्हा सहाव्या जागेवर मिलवॉल होता, ६८ गुणांवर. त्याच्या मागे ६६ गुणांवर तिघे: संडरलंड, वेस्ट ब्रॉम आणि आम्ही, ब्लॅकबर्न रोव्हर्स. आमचा शेवटचा सामना मिलवॉलशीच, त्यांच्या मैदानावर, लंडनला. तो जिंकायला तर हवाच. पण तिघांत आमचा गोलफरक सगळ्यांत वाईट, त्यामुळे वेस्ट ब्रॉमने स्वान्सीत जिंकता कामा नये आणि संडरलंडनेही जिंकता कामा नये. संडरलंडचा सामना होता प्रेस्टनला.

मी मूळची पुण्याची. ऑक्टोबर १९९४मध्ये नवऱ्याच्या नोकरीमागून इथे आले, आणि पुढच्याच मे महिन्यात सगळं गाव रस्त्यावर नाचताना पाहिलं. रोव्हर्स इंग्लंडचे विजेते झाले होते. मला वाटलं, इथे हे दरवर्षी होत असणार, आपल्याकडच्या विसर्जनासारखं. पुढची पंधरा वर्षं मला फुटबॉलचं सोयरसुतक नव्हतं. मग नोव्हेंबर २०१०मध्ये पुण्याच्या व्यंकीज या कोंबड्यांच्या कंपनीने क्लब विकत घेतला आणि प्रयोगशाळेतले सहकारी माझ्याकडे अशा नजरेने पाहायला लागले, जणू माझ्या सख्ख्या चुलत्यानेच घेतलाय. माझा व्यंकीजशी संबंध दुकानावरच्या पाटीपुरता, आणि आमचं घर तर शाकाहारी. मे २०१२मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली आला. त्या सामन्यात निषेध म्हणून कोणीतरी मैदानात जिवंत कोंबडी सोडली. त्यानंतर वर्षभर मला कोणी गाव विचारलं की मी ‘मुंबईजवळ’ असं सांगायची. पुणेकराने आपण होऊन हे म्हणणं म्हणजे काय, ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षी शेजारच्या बाई गेल्या. नवरा-बायको वर्षानुवर्षं रोव्हर्सच्या इवुड पार्क मैदानावर, रिव्हरसाइड स्टँडमध्ये शेजारी शेजारी बसत. ऑगस्टमध्ये शेजारी आमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, “एक खुर्ची मोकळी आहे, लव.” इथले म्हातारे सगळ्यांनाच ‘लव’ म्हणतात, बसच्या ड्रायव्हरलासुद्धा. दुसऱ्याच्या बायकोच्या खुर्चीवर बसायचं या कल्पनेनेच मी अवघडले होते, पण त्या माणसाच्या तोंडाकडे पाहून नाही म्हणवेना. तेव्हापासून बसते आहे. पुढच्या रांगांमध्ये पाऊस येतो, हे मात्र त्यांनी आधी सांगितलं नव्हतं.

तर तो सोमवार. राजाच्या राज्याभिषेकानिमित्त जादा सुट्टी मिळालेली. आदल्या दिवशी गल्लीत टेबलं मांडून जेवणं झाली होती, पताका अजून कुंपणावर लोंबत होत्या. शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात रेडिओ लँकशर लावलेला, टेबलावर चहा आणि मी नेलेला पोह्यांचा चिवडा. मी मनातल्या मनात सारसबागेतल्या गणपतीला हात जोडले. आणि तिथेच अडकले.

नवस सुटसुटीत असतो. मुलगा पास होऊ दे, एकवीस नारळ वाहीन. माझ्या नवसाला पोटकलमं होती: आम्हाला जिंकव, वेस्ट ब्रॉमला जिंकू देऊ नकोस, प्रेस्टनला हरू देऊ नकोस, त्यांची बरोबरी झाली तरी चालेल. म्हणजे आमच्या एका सुखासाठी गणपतीने तीन गावांत तीन वेगवेगळ्या उठाठेवी करायच्या, आणि तिन्ही जागी कोणाचं तरी वाईट करायचं. शिवाय संडरलंडच्या इस्पितळात कोणी मराठी नर्स नसेलच असं कशावरून? तिने दगडूशेठला साकडं घातलं असलं तर? मी नमस्कार अर्ध्यावरच सोडला आणि चिवड्यातले शेंगदाणे वेचायला घेतले.

माझे वडील शाळेत संस्कृत शिकवायचे आणि आषाढात वारी करायचे. आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर, सुट्टी मिळेल तितके दिवस. निवृत्त झाल्यावर पूर्ण. नवस या प्रकाराचा त्यांना मनस्वी तिटकारा. “देवाशी वाटाघाटी करायला तो काय मंडईतला भाजीवाला आहे?” असं म्हणायचे. पंढरपुरात दर्शनाची रांग फार लांब असली तर कळसाला हात जोडून परत फिरायचे, चेहऱ्यावर खंत नसायची. मी लहानपणी विचारलं होतं, “दादा, इतकं चालून गेलात आणि विठोबा दिसलाच नाही?” ते म्हणाले, “त्याला मी दिसलो की.” या उत्तराने तेव्हा माझं समाधान झालं नव्हतं. अजूनही पुरतं झालेलं नाही.

कारण आशा टाकून द्यायची हे आपल्याकडे जितक्या सहजपणे सांगितलं जातं, तितकं ते सोपं नाही. आणि सांगणारेही ते पाळतातच असं नाही. एक जुनं सुभाषित आहे. आशा ही अजब बेडी आहे, कारण ती पायात असली की माणूस धावतो आणि तुटली की पांगळ्यासारखा बसून राहतो, अशा अर्थाचं. वडील हे वैराग्याचं वचन म्हणून शिकवायचे. मला ते आता उलटं ऐकू येतं. बेडीतून सुटलेल्याला सुभाषितकार मुक्त म्हणतो खरा, पण पांगळ्यासारखा बसलेला मुक्त.

इवुड पार्कवरचे लोक मात्र आशा लपवून ठेवण्यात पटाईत. मार्चमध्ये संघ पहिल्या सहांत असला तरी आमच्या रांगेतला कोणीही ‘वर जाणार’ हा शब्द उच्चारत नाही. चुकून कोणी बोललंच, तर बाकीचे त्याच्याकडे असे पाहतात, जणू त्याने देवघरात चपला घातल्या. माझ्या आजीच्या घरी याच्या बरोबर उलटं होतं. तिन्हीसांजेला अभद्र बोलू द्यायची नाही, कारण वास्तू तथास्तु म्हणते. म्हणजे आमची वास्तू वाईट बोललेलं खरं करणारी, आणि इवुड पार्कची वास्तू चांगलं बोललेलं खोटं पाडणारी. शेजाऱ्यांना मी हे समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले आणि मग गंभीर होऊन म्हणाले, “तुझी आजी मिलवॉलला पाठव.” इंग्लिश चाहत्यांत एक म्हण झाली आहे, की हार मारत नाही, आशा मारते. ती म्हणताना ते मान हलवतात, जणू शोकसभेत उभे आहेत. आणि दुसऱ्या दिवशी सीझन तिकिटाचे पैसे भरतात.

खरं तर प्ले-ऑफ हे आशेचंच यंत्र आहे. १९८७च्या मे महिन्यात ते पहिल्यांदा फिरलं. त्याआधी गुणतक्ता म्हणजे निखळ कर्मविपाक. जितकं पेरलं तितकं उगवलं, वरचे वर गेले, खालचे खाली. मधल्यांना फेब्रुवारीनंतर काही कामच उरत नसे. प्ले-ऑफने त्या कर्माच्या कारखान्याला कृपेची एक खिडकी पाडली. सहावा आलेला संघ, तिसऱ्यापेक्षा दहा-दहा गुणांनी मागे असला तरी, मे महिन्यातल्या तीन सामन्यांत सगळ्यांच्या पुढे जाऊ शकतो. आमच्या शेजाऱ्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. १९९२मध्ये रोव्हर्स दुसऱ्या विभागात सहावे आले होते. वेम्ब्लीवरच्या अंतिम सामन्यात लेस्टरविरुद्ध माइक न्यूवेलच्या पेनल्टीवर १-० जिंकले आणि नव्याने सुरू होणाऱ्या प्रीमियर लीगमध्ये शिरले. तीन वर्षांत विजेते. जॅक वॉकर या पोलाद व्यापाऱ्याचा पैसा त्यामागे होता हे खरं, पण ती पेनल्टी चुकली असती तर तो पैसा घेऊन कुठे गेला असता? शेजारी त्या पेनल्टीबद्दल बोलायला लागले की वारकरी नामदेवाच्या पायरीबद्दल बोलतो तसे बोलतात. घडलं, पाहिलं, आता कोणी काहीही म्हणो.

तर सामना सुरू झाला. एप्रिलभर संघ अडखळत होता. २५ एप्रिलला बर्नलीने आमच्याच मैदानावर १-० जिंकून पहिला क्रमांक पक्का केला होता. त्या रात्री इवुडवरून घरी चालत येताना शेजारी एक शब्दही बोलले नाहीत. त्यामुळे लंडनहून काही शुभवर्तमान येईल असं बुद्धीला वाटत नव्हतं. मध्यंतराला मिलवॉल ३-१ पुढे. शेजाऱ्यांनी रेडिओचा आवाज बारीक केला, उठून भांडी विसळली, फडकं पिळून वाळत घातलं. मग पुन्हा येऊन आवाज मोठा केला. भांडी धुवायला त्यांना तेवढाच वेळ लागला होता.

पुढे काय झालं ते मी आजही नीट क्रमाने सांगू शकत नाही. आम्ही ४-३ जिंकलो. बेन ब्रेरेटन डियाझ, चिलीकडून खेळणारा आमचा पोरगा, त्याचा हा आमच्याकडून शेवटचा सामना. ३-२ झालं तेव्हा शेजारी उभे राहिले, ३-३ झालं तेव्हा मी उभी राहिले, चौथ्या गोलला दोघांनी काय केलं ते लिहीत नाही, वय झालंय आमचं. वेस्ट ब्रॉम स्वान्सीत हरले. तीनपैकी दोन कलमं मान्य झाली होती. आणि प्रेस्टनहून निवेदक एकेक गोल सांगत गेला. तीन. तिन्ही संडरलंडचे.

गुणतक्ता असा लागला: संडरलंड ६९, ब्लॅकबर्न ६९. त्यांचा गोलफरक अधिक तेरा, आमचा उणे दोन. मिलवॉल ६८वरच राहिला, आठवा.

चहा पूर्ण गार झाला होता. माझ्या डोक्यात तेव्हा जे आलं ते वडिलांच्या वर्गातलं होतं. कर्मसिद्धान्त मांडणाऱ्यांनी दोन दोष कटाक्षाने टाळले आहेत. एक, कृतनाश, म्हणजे केलेल्याचं फळ न मिळणं. दुसरा, अकृताभ्यागम, म्हणजे न केलेल्याचं फळ पदरात पडणं. जगात हे दोन घडतात असं मानलं तर कर्माची सगळी इमारतच कोसळते, म्हणून आत्मा नित्य मानायचा, पुनर्जन्म मानायचा, हिशेब पुढे ढकलायचा. आणि इथे माझ्यासमोर, स्वयंपाकघराच्या टेबलावर, दोन्ही दोष एकाच दुपारी मांडलेले. मिलवॉलला आम्ही पाडलं, आणि त्याची जागा संडरलंडला मिळाली. दोन गोलांची पिछाडी आम्ही भरून काढली आणि फळ भलत्याच्याच ताटात.

बरं, हे पहिल्यांदा नव्हे. मे २०१७मध्ये शेवटच्या दिवशी आम्ही ब्रेंटफर्डला ३-१ जिंकलो आणि तरीही गोलफरकाने तिसऱ्या विभागात गेलो. नॉटिंगहम फॉरेस्टचेही आमच्याइतकेच, ५१ गुण, ते वाचले. आणि अकृताभ्यागम म्हणाल तर १९९५. विजेतेपद ठरायच्या दिवशी, १४ मेला, रोव्हर्स लिव्हरपूलला २-१ हरले. शियररने गोल केला होता, बार्न्सने बरोबरी केली, अगदी शेवटी रेडनॅपने फ्री किकवर सामना हिरावला. सामना हरूनही ते विजेते झाले, कारण तिकडे लंडनमध्ये मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमने १-१ रोखलं होतं. ८९ विरुद्ध ८८. ज्या दिवशी हरलो त्या दिवशी राजे झालो, ज्या दोन दिवशी जिंकलो त्या दिवशी मेलो. मी हे शेजाऱ्यांना सांगितलं, संस्कृत शब्दांसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “गुणतक्ता खोटं बोलत नाही, लव. आपण हिवाळ्यात कुठेकुठे चार-चार गोल खाल्ले ते आठव.”

हे त्यांचं म्हणणं वडिलांना फार आवडलं असतं. कारण शास्त्राचं उत्तर नेमकं तेच आहे. तू एका दिवसाचं कर्म पाहतेस, फळ मिळतं ते संचिताचं. उणे दोन हा आकडा आठ मेला तयार झाला नव्हता, तो नऊ महिने साचत आला होता. १९९५लाही त्या एका पराभवाने विजेतेपद दिलं नाही, आधीच्या एक्केचाळीस सामन्यांनी दिलं. युक्तिवाद बिनतोड आहे. माझी तक्रार फक्त एवढी की मग शेवटच्या दिवसाची ही तगमग काय आहे? संचित जर सगळं ठरवतं तर माणूस दुपारी तीन वाजता रेडिओला कान का लावतो? मला वाटतं, आशा करणारा माणूस फळ मागत नसतोच. फळ त्याच्या हिशेबात किती आलंय ते त्याला चांगलं माहीत असतं. पेपरातला तक्ता त्याला पाठ असतो. तो मागत असतो ते हे, की एकदा हिशेबाच्या बाहेर बघा. म्हणजे कृपा. भक्ताचीही मागणी तीच असते. फरक एवढाच, की भक्ताच्या समोर कोणीतरी उभा असतो, भले विटेवर. चाहत्याच्या समोर तक्ता असतो आणि तक्त्याला डोळे नसतात.

याहून मोठी अडचण दुसरीच आहे. गीता सांगते, कर्मावर तुझा अधिकार, फळावर नाही. ठीक. पण मी तर कर्मही केलेलं नाही! बावीस-पंचवीस वर्षांची पोरं लंडनमध्ये पळत होती आणि मी ब्लॅकबर्नमध्ये शेंगदाणे खात होते. म्हणजे कर्म शून्य आणि फलाशा शंभर टक्के. गीतेला अपेक्षित असलेल्या माणसाच्या हा इतका उलट नमुना आहे की त्याच्यासाठी उपदेशच लिहिलेला नाही. आमच्या क्लबच्या बिल्ल्यावर लॅटिनमध्ये ब्रीद आहे, कौशल्याने आणि श्रमाने, या अर्थाचं. गीताही योगाला कर्मातलं कौशल्यच म्हणते. पण कौशल्य त्यांचं, श्रम त्यांचे. मीमांसकांकडे एक पळवाट सापडते. यज्ञात आहुती टाकतात ऋत्विज, पण फळ मिळतं यजमानाला, कारण संकल्प त्याचा आणि दक्षिणाही त्याची. सीझन तिकीट ही दक्षिणा धरली तर रिव्हरसाइड स्टँडमधले आम्ही सगळे यजमान. ही पळवाट मला काही दिवस पटली होती. मग लक्षात आलं, ऋत्विजाने मंत्र चुकवला तर यजमान त्याला स्टँडमधून शिव्या घालत नाही.

महाभारतात मात्र एक चाहता आहे. तो लढत नाही, मैदानावरही नाही. दूर बसून दुसऱ्याच्या तोंडून सामना ऐकतो, आणि त्याचा पहिलाच प्रश्न असा, की माझ्यांनी आणि पांडूच्यांनी काय केलं. धृतराष्ट्राला ममत्वाचा पुतळा म्हणून आपण मोडीत काढतो. पण आदिपर्वाच्या सुरुवातीलाच त्याचा एक विलाप आहे, पन्नासाहून अधिक श्लोकांचा, आणि प्रत्येक श्लोकाची घडण एकच: जेव्हा अमुक घडलं असं मी ऐकलं, संजया, तेव्हा विजयाची आशा मी सोडली. द्रौपदीस्वयंवरात अर्जुनाने लक्ष्य भेदलं तेव्हा सोडली. कृष्ण त्यांच्या बाजूला आहे हे कळलं तेव्हा सोडली. भीष्म पडले, तेव्हाही. वडील हा उतारा वर्गात वाचून दाखवत आणि मुलं कंटाळत. मी परवा भांडारकरच्या चिकित्सक आवृत्तीत तो पुन्हा काढून वाचला आणि म्हाताऱ्याचा मला लळा लागला. ज्याने पन्नास वेळा आशा सोडली, त्याने मधल्या मधे एकोणपन्नास वेळा ती परत धरली असणार. त्याशिवाय सोडणार काय? व्यासांनी फक्त सोडण्याचे क्षण लिहिले. धरण्याचे क्षण लिहायला त्यांना लाज वाटली असेल, किंवा ते कोणालाच लिहिता येत नाहीत. मध्यंतरात भांडी विसळून माणूस परत येतो आणि रेडिओचा आवाज मोठा करतो, तेव्हा त्याच्या मनात नेमकं काय चालतं, हे मलाही त्याच्या समोर बसून कळलेलं नाही.

धृतराष्ट्राचा दोष आशा हा नव्हे. ‘माझे’ हा शब्द त्याने फार लहान काढला, हा आहे. पांडूची मुलंसुद्धा त्याच्याच घरात वाढली होती.

आणि इथे मराठी माझ्या मदतीला येते. इंग्रजीत ‘वी’ एकच. मराठीत दोन. आम्ही म्हणजे तुला सोडून, आपण म्हणजे तुला धरून. शेजारी गेली दहा वर्षं ‘वी’ म्हणतात. वी लॉस्ट, वी नीड अ लेफ्ट बॅक. आणि मी ते मनात मराठीत आणताना पहिली काही वर्षं ‘आम्ही’ असंच आणायची. म्हणजे हे हरले, यांना डावा बचावपटू हवा. कधी बदल झाला ते सांगता येणार नाही. बहुतेक बर्नलीच्या रात्री, इवुडवरून मुकाट्याने चालताना. त्या शांततेत परकी बाई म्हणून मला काहीतरी सांत्वनाचं बोलायला हवं होतं आणि माझ्याकडे बोलायला काही नव्हतं, कारण सांत्वन मलाच हवं होतं.

त्याच रस्त्याने पुढे गेलं की डार्वेन लागतं. सप्टेंबर १९३१मध्ये गांधीजी तिथे आले होते. गोलमेज परिषदेच्या निमित्ताने इंग्लंडमध्ये होते, आणि आपल्या बहिष्काराची झळ बसलेल्या गिरणी कामगारांना भेटायला मुद्दाम लँकशरमध्ये आले. शेजाऱ्यांची आई तेव्हा शाळकरी मुलगी होती, गर्दीत उभी होती म्हणे. तिचा बाप विणकर, त्या वर्षी बेकार. अकृताभ्यागम याहून वेगळा काय असतो? गुजरातेतल्या चरख्याचं फळ डार्वेनच्या घरात. आणि तिथल्या गिरणी कामगार बायांनी गांधीजींना घेरून जयजयकार केला. तो फोटो प्रसिद्ध आहे, मधे ते उघडे पाय घेऊन उभे आणि भोवती हसणाऱ्या गिरणीतल्या मुली. मी तो फोटो खूपदा पाहिला आहे. अनासक्ती शिकवणारा माणूस त्यात शांत आहे, ते समजतं. त्या मुली कशाच्या बळावर हसत होत्या?

सामना संपल्यावर रेडिओवर मिलवॉलच्या मैदानातला आवाज थोडा वेळ ऐकू येत राहिला. आवाज म्हणजे काही नाहीच. हजारो माणसं न बोलता उठून जात असली की जे ऐकू येतं ते. मध्यंतराला त्यांच्याकडे सगळं होतं. तिथेही कोणी एखादी म्हातारी कुणाच्या मोकळ्या खुर्चीवर बसली असेल. संडरलंडलाही पुढे काही मिळालं नाही. ल्यूटनने त्यांना उपान्त्य फेरीत बाद केलं, आणि ल्यूटनच वर गेला.

शेजाऱ्यांनी रेडिओ बंद केला. बाहेर कोणीतरी कुंपणावरच्या पताका काढत होतं. “असो,” ते म्हणाले, “आपण आपल्या वाट्याचं केलं, लव.” त्यांनी ‘वी’च म्हटलं होतं. मी म्हणणार होते की आपण काहीच केलं नाही, आपण चिवडा खाल्ला. पण वडिलांचं वाक्य आठवलं, त्याला मी दिसलो की. मी गप्प बसले, कप उचलले आणि धुवायला घेतले. ते म्हणाले, राहू दे. मी धुतलेच.

त्या वर्षी आषाढी २९ जूनला होती. त्याच महिन्यात नव्या मोसमाचं वेळापत्रक लागलं. शेजाऱ्यांनी ते वर्तमानपत्रातून कापून फ्रिजवर चिकटवलं, त्यांच्या पत्नीच्या फोटोच्या खाली. पहिला सामना ५ ऑगस्टला, घरच्या मैदानावर, वेस्ट ब्रॉमशी. त्या शनिवारी सकाळी त्यांनी कुंपणावरून हाक मारली. आकाश भरून आलं होतं.

“आपण किती वाजता निघायचं?”

“एकला,” मी म्हटलं, “आणि छत्री घ्या.”